तुकड्यात न सापडलेला कर्करोग

21 जून 1887. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला 50 वर्षं झाली म्हणून लंडनच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघाली होती. राणीच्या गाडीपुढे तिचे मुलगे, जावई आणि नातू घोड्यांवरून चालले होते. त्यांत उठून दिसत होता तो तिचा थोरला जावई, जर्मनीचा युवराज फ्रेडरिक. उंच बांधा, भरघोस दाढी, पांढराशुभ्र गणवेश, शिरस्त्राणावर गरुड. बघणाऱ्यांना तो जुन्या दंतकथेतला योद्धा वाटला. त्याचा आवाज मात्र जानेवारीपासून बसलेला होता आणि बरोबर महिन्यापूर्वी, 21 मे रोजी, बर्लिनचे शल्यविशारद त्याचा गळा चिरणार होते. ती शस्त्रक्रिया ऐन वेळी थांबवली गेली होती. ती थांबवणारा डॉक्टर लंडनचाच होता.

घसा बसणं ही तक्रार साधी. सर्दी, ओरडणं, तंबाखू, क्षय, उपदंश, निरुपद्रवी मस किंवा कर्करोग, यांपैकी काहीही तिच्या मुळाशी असू शकतं. फ्रेडरिक 55 वर्षांचा होता आणि पाईप भरपूर ओढायचा. 1866 च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या आणि 1870-71 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात त्याने सैन्याचं नेतृत्व केलं होतं. तरी त्याचं मन उदारमतवादी राजकारणाकडे ओढलेलं. त्याची बायको व्हिकी ही राणी व्हिक्टोरियाची थोरली मुलगी. इंग्लंडसारखी संसदीय राजवट जर्मनीत यावी असं दोघांना वाटायचं आणि म्हणूनच चॅन्सेलर बिस्मार्कला दोघंही खुपायचे. वडील, सम्राट पहिला विल्हेल्म, त्या मार्चमध्ये नव्वदीचे झाले. सिंहासन हाकेच्या अंतरावर होतं. त्यामुळे या गळ्यात नेमकं काय आहे, हा प्रश्न पहिल्यापासूनच फक्त वैद्यकाचा राहिला नाही.

जिवंत माणसाच्या स्वरयंत्रात डोकावता येतं, हीच गोष्ट तेव्हा जेमतेम तीस वर्षांची होती. ती जमवली एका गानशिक्षकाने. माद्रिदमध्ये जन्मलेला मान्युएल गार्सिया पॅरिस आणि लंडनमध्ये गाणं शिकवायचा. गाताना गळ्यात नेमकं काय हलतं, याचं त्याला विलक्षण कुतूहल. 1854 मध्ये त्याने दाताच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा आपल्या पडजिभेला टेकवला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्या स्वररज्जू उघडताना-मिटताना पाहिल्या. 1855 मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. गायकाच्या या आरशाचं वैद्यकातलं मोल ओळखलं ते व्हिएन्नाच्या ट्युर्कने आणि बुडापेस्टच्या चेर्माकने. चेर्माकने उन्हाऐवजी दिवा वापरला, त्यामुळे ढगाळ दिवशीही तपासणी जमू लागली. मग पहिला मान कुणाचा, यावर दोघं अनेक वर्षं भांडले.

बुडापेस्टला जाऊन चेर्माककडून ही विद्या शिकलेला एक तरुण इंग्रज म्हणजे मोरेल मॅकेन्झी. 1863 मध्ये त्याने लंडनमध्ये केवळ घशाच्या रोगांसाठी रुग्णालय काढलं. घसा आणि नाकाच्या विकारांवरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ युरोपभर वाचला जायचा, जर्मनीतही. हात कमालीचा हलका, बोलणं आर्जवी, पैशाची आणि प्रसिद्धीची हौस उघड. लंडनच्या प्रतिष्ठित वैद्यकमंडळींना तो फारसा रुचायचा नाही. रुग्ण मात्र त्याच्याकडे रीघ लावायचे.

युवराजाच्या गळ्यात पहिला आरसा घातला तो मात्र बर्लिनच्या प्राध्यापक कार्ल गेरहार्टने, 6 मार्च 1887 रोजी. डाव्या स्वररज्जूच्या काठावर त्याला सुमारे 4 मिलिमीटरची लालसर गाठ दिसली. आधी तारेच्या फासाने ती ओढून काढायचा प्रयत्न झाला, तो फसला. मग विजेने लाल तापवलेल्या प्लॅटिनमच्या तारेने डागण्या सुरू झाल्या. कोकेनमुळे घसा बधिर करता येतो, हे तीनच वर्षांपूर्वी कळलं होतं म्हणून हे सोसण्याजोगं तरी झालं. एप्रिलमध्ये गाठ नाहीशी झाल्यासारखी दिसली आणि युवराजाला हवापालटासाठी एम्सच्या झऱ्यांवर धाडलं गेलं. मेच्या मध्यावर तो परतला तेव्हा गाठ पुन्हा वाढलेली होती, आधीपेक्षा मोठी. गेरहार्टला आणखी एक गोष्ट खटकली: डावी स्वररज्जू उजवीइतकी चपळ हलत नव्हती. स्वररज्जूंच्या पक्षाघातावर त्याने 1863 मध्येच विस्ताराने लिहिलं होतं, त्यामुळे या मंदावलेल्या हालचालीचा अर्थ तो जाणत होता. वरवरचा मस स्वररज्जूला अडवत नाही. ती अडते तेव्हा काहीतरी खोल, स्नायूपर्यंत शिरलेलं असतं.

शल्यविशारद एर्न्स्ट फॉन बेर्गमानला बोलावलं गेलं. त्याचंही मत कर्करोगाचंच पडलं. गळा बाहेरून मधोमध उघडायचा आणि गाठ मुळासकट कापून काढायची, असं ठरलं. स्वरयंत्रावरची शस्त्रक्रिया म्हणजे त्या काळी जिवाशी खेळच. कर्करोगासाठी अख्खं स्वरयंत्र काढायचं धाडस व्हिएन्नाच्या बिलरोथने पहिल्यांदा केलं ते 1873 च्या शेवटच्या दिवशी, आणि तो रुग्ण काही महिन्यांत रोग उलटून गेला. बेर्गमानचा बेत त्यापेक्षा मर्यादित होता, तरी आवाज कायमचा घोगरा होण्याची आणि जीव जाण्याची भीती होतीच. बिस्मार्कने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की डॉक्टर युवराजाला न सांगताच भूल देऊन शस्त्रक्रिया करायला निघाले होते. सम्राटाने मुलाच्या संमतीशिवाय तसं करायला मनाई केली.

एवढा मोठा निर्णय घेण्याआधी घशाच्या आणखी एका तज्ज्ञाला दाखवावं, यावर जर्मन डॉक्टरांचंच एकमत झालं आणि नाव निघालं मॅकेन्झीचं. पुढे जर्मन वर्तमानपत्रांनी 'त्या इंग्रज बाईने इंग्रज डॉक्टर आणला' अशी राळ उठवली. व्हिकीने आईला तारा करून घाई केली हे खरं, पण निवड तिची नव्हती.

20 मे रोजी मॅकेन्झी बर्लिनला पोचला. आरशातून पाहून तो म्हणाला की ही गाठ आपल्याला कर्करोगाची वाटत नाही, पण डोळ्यांवर विसंबू नका. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कर्करोग सिद्ध झाल्याशिवाय एवढी भयंकर शस्त्रक्रिया करू नये. आजच्या कोणत्याही कान-नाक-घसा तज्ज्ञाला हे पटेल. पण 1887 मध्ये शस्त्रक्रियेचा निर्णय छोट्याशा तुकड्यावर टांगून ठेवणं ही नवलाईची गोष्ट होती. 21 मे रोजी, म्हणजे ज्या दिवशी बेर्गमान सुरी चालवणार होता त्याच दिवशी, मॅकेन्झीने तोंडातून वाकडा चिमटा घालून गाठीचा इवलासा तुकडा काढला. तो गेला रुडॉल्फ फिर्शोकडे.

फिर्शोपेक्षा मोठा पंच त्या काळी पृथ्वीवर नव्हता. रोग पेशींत असतो, हे 1858 मध्ये त्यानेच जगाला समजावून सांगितलं होतं. राजकारणातही तो बिस्मार्कचा कट्टर विरोधक. 1865 मध्ये बिस्मार्कने त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हानही दिलं होतं. पहिल्या तुकड्यात त्याला कर्करोगाचं काही दिसलं नाही. 23 मेचा दुसरा तुकडा, 8 जूनचा तिसरा, उत्तर तेच. आच्छादनाच्या पेशी वाढून त्यांचा जाड, चामखिळीसारखा थर झाला आहे, पण तो खालच्या भागात घुसलेला नाही. फिर्शोने या अवस्थेला 'पॅकीडर्मिया व्हेरुकोसा' म्हटलं. अहवालात त्याने एक जपून लिहिलेली ओळही घातली होती: हाती आलेल्या तुकड्यांवरून साऱ्या रोगाबद्दल खात्रीने बोलता येणार नाही. छापून आलेल्या बातम्यांत मात्र एवढंच उरलं की युवराजाला कर्करोग नाही.

दुसऱ्या तुकड्याच्या वेळी आणखी एक ठिणगी पडली. मॅकेन्झीचा चिमटा उजव्या, निरोगी स्वररज्जूला लागला, असा गेरहार्टने आरोप केला. मॅकेन्झीने तो झिडकारला. तिथून पुढे दोन्ही बाजूंचे डॉक्टर एकमेकांशी बोलण्यापेक्षा एकमेकांवर पाळत ठेवू लागले.

युवराज इंग्लंडला गेला, मिरवणुकीत मिरवला, मग वाइट बेटावर आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत राहिला. आवाज थोडा सुधारला. सप्टेंबरमध्ये राणीने मॅकेन्झीला 'सर' केलं. थंडीच्या भीतीने युवराज आल्प्स ओलांडून खाली उतरला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्यावर सान रेमोला, व्हिला झिरिओ या बंगल्यात येऊन राहिला. 6 नोव्हेंबरला मॅकेन्झीने पुन्हा आरसा घातला. आता डाव्या स्वररज्जूच्या खाली एक नवी गाठ होती आणि तिचं रूप वेगळंच होतं. कर्करोग आहे का, असं फ्रेडरिकने थेट विचारलं. तसंच दिसतं आहे, पण खात्री देता येत नाही, असं मॅकेन्झीने सांगितलं. युवराजाने शांतपणे त्याचे आभार मानले.

व्हिएन्नाचा श्र्योटर, बर्लिनचा क्राउझे, फ्रँकफुर्टचा श्मिट, सगळे सान रेमोला धावले. श्र्योटरचं म्हणणं, स्वरयंत्र पूर्ण काढावं. फ्रेडरिकने नकार लिहून दिला: श्वास अडलाच तर गळ्याला भोक पाडा, त्यापलीकडे काही नको. बंगल्याभोवती बातमीदारांचा वेढा पडला आणि रोज तारा सुटू लागल्या. जानेवारीत खोकल्यातून मेलेल्या ऊतीचा एक मोठा तुकडा पडला. तो फिर्शोकडे गेला आणि त्यातही फिर्शोला कर्करोग सापडला नाही. मॅकेन्झी पुन्हा आशेवर झुलू लागला. कदाचित ही कूर्चेची सूज असेल. 9 फेब्रुवारी 1888 रोजी श्वास कोंडू लागला आणि बेर्गमानच्या हाताखालच्या ब्रामानने गळ्याला छेद देऊन नळी बसवली. त्यानंतर फ्रेडरिक कधीच बोलू शकला नाही. मार्चच्या सुरुवातीला शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयरने त्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि तिच्यात कर्करोगाच्या पेशींचे पुंजके ओळखले. सूक्ष्मदर्शकाने अखेर होकार दिला, पण दहा महिने उशिरा.

9 मार्चला म्हातारा सम्राट गेला. मुका झालेला फ्रेडरिक बर्फातून बर्लिनला परतला आणि कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून राज्य करू लागला. 12 एप्रिलला श्वासाची नळी बसेना म्हणून बेर्गमानला बोलावलं गेलं. त्याने घाईघाईत नळी श्वासनलिकेबाहेर घुसवली, असा मॅकेन्झीचा दावा. जर्मन डॉक्टरांनी तो साफ नाकारला. 15 जूनला पॉट्सडॅमच्या राजवाड्यात फ्रेडरिकने प्राण सोडला. त्याच्या वाट्याला 99 दिवसांचं राज्य आलं.

नवा सम्राट, 29 वर्षांचा दुसरा विल्हेल्म, याने आईच्या इच्छेविरुद्ध शवविच्छेदनाचा हुकूम दिला. 16 जूनला ते फिर्शो आणि वाल्डेयर यांनी केलं. स्वरयंत्राच्या जागी कुजलेली पोकळी उरली होती आणि मानेच्या डाव्या बाजूच्या लसीका ग्रंथीत कर्करोग पोचलेला होता. निदानाचा वाद संपला. दोषाचा सुरू झाला. त्याच उन्हाळ्यात जर्मन डॉक्टरांनी आजाराची अधिकृत हकिकत प्रसिद्ध केली. मॅकेन्झीने त्यावर एक अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं, त्यात रुग्णाची गुपितंही आली आणि सहकाऱ्यांवरचे वारही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्याबद्दल त्याच्यावर ठपका ठेवला. तो 1892 मध्ये वारला, तोवर त्याच्या नावाभोवतीची धूळ खाली बसली नव्हती.

फ्रेडरिक जगला असता तर जर्मनीत लोकशाही रुजली असती आणि 1914 चं महायुद्ध टळलं असतं, असं पुष्कळांनी लिहिलं आहे. एवढं ओझं एका स्वररज्जूवर टाकणं धाडसाचंच. बिस्मार्क, सैन्य आणि जमीनदार सरदार यांच्यापुढे त्याचं किती चाललं असतं, हे सांगता येणार नाही. वैद्यकाचा प्रश्न मात्र नेमका आहे: जगातल्या सर्वोत्तम पॅथॉलॉजिस्टला तीन-तीन तुकड्यांत कर्करोग का दिसला नाही?

याचं उत्तर अटलांटिकच्या पलीकडे, एका दुसऱ्या सत्ताधीशाच्या तोंडात मिळतं.

1893 च्या उन्हाळ्यात अमेरिका आर्थिक संकटात बुडाली होती. 1890 च्या कायद्यानुसार सरकारला दरमहा 45 लाख औंस चांदी विकत घ्यावी लागायची आणि तिजोरीतलं सोनं आटत चाललं होतं. त्यात 26 जूनला हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीसाठी बंद केल्या आणि चांदीचा भाव गडगडला. तो कायदा रद्द करण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंडने 30 जूनला काँग्रेसचं खास अधिवेशन जाहीर केलं. त्याच संध्याकाळी तो गुपचूप न्यूयॉर्क बंदरातल्या 'ओनिडा' या मित्राच्या बोटीवर चढला. टाळूच्या डाव्या बाजूला त्याला एक खरखरीत चट्टा जाणवला होता. रुग्णाचं नाव न सांगता त्याचा तुकडा लष्करी वैद्यकीय संग्रहालयातल्या तज्ज्ञांना दाखवला गेला होता आणि त्यांना कर्करोगाचा संशय आला होता. आठच वर्षांपूर्वी माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट घशाच्या कर्करोगाने गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्या मरणाची रोज बातमी केली होती. या वेळी बातमी फुटली असती तर बाजार कोसळला असता. शिवाय उपराष्ट्राध्यक्ष चांदीवाल्यांच्या बाजूचा.

1 जुलैला, चालत्या बोटीवर, डॉ. जोसेफ ब्रायंटने वरच्या जबड्याचा डावा भाग दातांसह काढला. सगळं तोंडाच्या आतून. चेहऱ्यावर ओरखडाही नाही आणि मिशीही शाबूत. 17 जुलैला उरलेल्या संशयास्पद भागासाठी पुन्हा शस्त्रक्रिया झाली. पोकळीत रबराचं भरण बसवल्यावर राष्ट्राध्यक्ष नेहमीच्या आवाजात बोलू लागला. ऑगस्टअखेर फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराने सगळी हकिकत छापली, तेव्हा त्यालाच खोटं पाडण्यात आलं. शस्त्रक्रियेत हजर असलेल्या डॉ. विल्यम कीनने 1917 मध्ये तोंड उघडलं, तोवर क्लीव्हलंडला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो 1908 मध्ये वारला, शस्त्रक्रियेनंतर 15 वर्षांनी. कर्करोग उलटला नव्हता. मग तो कर्करोग होता तरी का, अशी शंका डॉक्टर अनेक वर्षं घेत राहिले.

काढलेल्या तुकड्याची बरणी फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात जपून ठेवलेली होती. त्यातला नमुना नव्याने तपासून 1980 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: व्हेरुकस कार्सिनोमा.

या गाठीला हे स्वतंत्र स्थान मिळालं ते 1948 मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईसचा पॅथॉलॉजिस्ट लॉरेन अ‍ॅकरमन याच्यामुळे. तोंडात ती बरीच आढळते, स्वरयंत्रात क्वचित. वरून फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, पांढुरकी. ती हळूहळू वाढते आणि शेजारच्या भागात मुळं सोडण्याऐवजी त्याला रुंद आघाडीने ढकलत जाते. निखळ स्वरूपात ती लसीका ग्रंथींपर्यंत पोचत नाही. फसगत होते ती पेशींमुळे: त्या जवळजवळ निरोगी दिसतात. वरचा पापुद्रा खरवडून पाठवला तर पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिकपणे लिहितो, 'जाड झालेलं आच्छादन, कर्करोगाचा पुरावा नाही.' खालची कड तुकड्यात आली तरच ढकलणं दिसतं. फिर्शोकडे आलेले तुकडे वरवरचे होते आणि त्याने त्यांचं वर्णन अचूक केलं होतं.

2011 मध्ये काही युरोपीय पॅथॉलॉजिस्टांनी फिर्शोचे अहवाल या नजरेने पुन्हा वाचले. त्यांच्या मते युवराजाला बहुधा संमिश्र गाठ होती: वरचा भाग व्हेरुकस, खोलवर मात्र नेहमीचा घुसखोर कर्करोग. मानेच्या ग्रंथीत रोग कसा पोचला आणि तुकड्यांत तो का दिसला नाही, या दोन्ही गोष्टी त्यामुळे जुळतात. हे अनुमानच आहे, पण 1887 च्या सगळ्या कागदांशी ते विसंगत नाही. क्लीव्हलंडच्या नशिबी निखळ जात आली, फ्रेडरिकच्या नशिबी मिसळलेली.

महाराष्ट्रात ही गाठ तितकीशी परकी नाही. गालाच्या आत वर्षानुवर्षं तंबाखू-चुन्याचा बार धरणाऱ्यांत ती त्याच जागी उगवते. 1941 पासून परळला उभ्या असलेल्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत मुखकर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, त्यांत या जातीचेही असतात. 'तुकड्यात काही नाही' असा अहवाल आला आणि तोंडातली गाठ मात्र वाढतच राहिली, तर तिथले डॉक्टर रुग्णाला निर्धास्त करून घरी पाठवत नाहीत. पुन्हा, काठावरून आणि खोलवर तुकडा घेतात, आणि पॅथॉलॉजिस्टला गाठ कशी दिसते, कुठे आहे, किती दिवसांची आहे हे कळवतात. 1887 मध्ये नेमकी हीच देवाणघेवाण तुटली होती: आरसा गेरहार्टच्या हातात, चिमटा मॅकेन्झीच्या, सूक्ष्मदर्शक फिर्शोच्या, आणि तिघांमध्ये दोन राजघराणी आणि दोन देशांची वर्तमानपत्रं.

गेरहार्टने मे महिन्यात टिपलेली ती खूण आता जगभरच्या कर्करोग-तक्त्यात आहे. स्वरयंत्राच्या कर्करोगाची पायरी ठरवताना डॉक्टर स्वररज्जू हलते का ते आधी बघतात. ती मोकळेपणी हलत असेल आणि रोग तिच्यापुरताच असेल तर टी-1, हालचाल मंदावली असेल तर किमान टी-2, पूर्ण थांबली असेल तर टी-3. हे पाहायला आता आरशाऐवजी नाकातून घालायची लवचीक दुर्बीण असते, खोली मोजायला सीटी स्कॅन आणि एमआरआय असतात. तुकड्याचा अहवाल आणि स्वररज्जूची हालचाल एकमेकांशी जुळेनात, तर पुन्हा तुकडा घेतला जातो.